मामाच्या शेतातलं पांढरीचं टेकाड आणि ट्रॉलीतून चाललेली माती

घोडकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांब झाला तर सांभाळून घ्या.

राहते पुण्यात, पण आजोळ शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठावर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एकदा नाव फुटलं की मणी शोधणारे आणि धन शोधणारे दोघंही येतात असं ऐकलंय. तर मामांच्या मळ्याच्या मागं नदीकडेला एक टेकाड आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्याच्यावरनं घसरत खाली यायचो आणि चड्ड्या पांढऱ्याफटक करून घरी जायचो. आजी त्याला ‘पांढर’ म्हणायची. तिथं जुनं गाव होतं, कुठल्याशा साथीत उठलं, असं सांगायची, आणि त्या जागेवर कधी कुणी नांगर घालायचा नाही हे पण सांगायची. आजोबांनी घातला नाही, त्यांच्या वडिलांनीही नाही.

या दिवाळीत गेले तर टेकाडाचा अर्धा भाग नाहीच! जेसीबीनं उभा कापलाय. माती ट्रॉली भरभरून उसाला जातेय. मामांच्याच नाही, शेजारच्या दोघांच्या पण. मामा मला मोठ्या कौतुकानं घेऊन गेले, म्हणाले, “बघ पोरी, सोन्यासारखी माती हाये, टाकली की ऊस कसा काळा पडतोय बघ.” आणि मी त्या कापलेल्या उभ्या भिंतीकडे बघत राहिले. पुरणपोळी मोडल्यावर जसे पापुद्रे दिसतात ना तसे पट्टे होते. राखेचा करडा पट्टा, मग भाजलेल्या मातीचा तांबडा, मग परत राख, मध्येच बारीक पांढरी रेघ, मग खापराचे तुकडे, हाडं, परत राख. माझ्या डोक्याच्या वरपासून पायापर्यंत. एक खापर खाली पडलं होतं, तांबडं, वर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा ओढलेल्या, इतक्या बारीक आणि सरळ की वाटलं कालच कुणीतरी हात थरथरू न देता ओढल्यात. वाजवून बघितलं तर खणखणीत वाजलं.

मी मामांना काही बोलू शकले नाही. बोलणार काय? मी पुण्यात एसीत बसून पगार घेते, ते उसाच्या बिलाची वर्षभर वाट बघतात.

पुण्याला आल्यावर पहिल्या सुट्टीत येरवड्याला डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय बघायला गेले, आणि तिथं काचेमागं माझ्या हातातल्या खापराची सख्खी बहीण ठेवलेली होती. खाली लिहिलंय इनामगाव. म्हणजे आमच्याच तालुक्यातलं, आमच्याच घोड नदीवरचं! शाळेत असताना इतिहासात मोहेंजोदडो पाठ केलं आणि घरापासून गाडीनं दोनेक तासांवर असलेल्या गावाचं नाव वयाच्या पस्तिशीत कळलं याचं फार वाईट वाटलं.

मग जमेल तेवढं वाचलं. इनामगावला १९६८ ते १९८३ अशी डेक्कन कॉलेजनं खोदाई केली, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही पुरातत्त्वज्ञ मंडळी. इ.स.पू. १६०० च्या आसपास लोक येऊन राहिले ते इ.स.पू. ७०० पर्यंत, म्हणजे एकाच जागेवर नऊशे वर्षं. शिवाजी महाराजांपासून आजपर्यंत चारशे पण झाली नाहीत! १३० च्या वर घरं सापडली. शेतकरी होते, आमच्या मामांसारखेच.

माझे प्रश्न दोन आहेत. आमचं टेकाड त्यातलंच आहे का हे कसं कळणार, आणि मामांना नक्की काय सांगायचं? तक्रार वगैरे करून मामांना अडचणीत आणायचं नाहीये मला. पण हे असंच गेलं तर दोन वर्षांत सपाट होईल.

अनघड

छान लिहिलंय. एक बेसिक शंका विचारतो, हसू नका. मुळात टेकाड तयारच कसं होतं? लोक राहतात तर जमीन वर कशी येते?

खापरवेडा

@अनघड, हसायचं काय त्यात, हाच तर खरा प्रश्न आहे. मी पुरातत्त्वात एमए केलं, आता नोकरी वेगळी करतो पण जीव तिकडेच आहे, तर सांगतो.

आपल्याकडची जुनी घरं म्हणजे कुडाची. मातीची बुटकी भिंत, त्यावर काठ्यांचा कूड, त्याला शेणमातीचा गिलावा, वर गवताचं छप्पर. असं घर पाचपन्नास पावसाळे काढत नाही. पडलं की कुणी मलबा बाहेर टाकायला नेत नाही, तिथंच सपाट करायचं, चोपायचं, वर नवं घर. चुलीची राख रोज निघते ती अंगणाच्या कडेला. गुरांचं शेण, खरकटी हाडं, फुटलेली गाडगी सगळं तिथंच. जमीन दर सणाला सारवायची, म्हणजे एक पातळ थर. इनामगावच्या घरांच्या जमिनींत असे एकावर एक थर मोजता येतात. तुम्ही बारीक पांढरी रेघ म्हणताय ना ताई, ती बहुतेक जमीनच असणार, कुणीतरी चोपून सारवलेली.

असं पिढ्यानपिढ्या चाललं की गाव स्वतःच्याच मोडतोडीवर वर चढत जातं. पश्चिम आशियात अशा टेकाडांना तेल म्हणतात, कच्च्या विटांची घरं असल्यानं तिथली टेकाडं प्रचंड उंच होतात. आपल्याकडे कूड आणि गवत, म्हणून आपली टेकाडं बसकी, लक्षात पण येत नाहीत. तिथंच घात होतो, लोकांना ती नुसती मातीची ढिगारं वाटतात.

वाचायचा नियम सोपा, खालचं आधीचं, वरचं नंतरचं. पण फसवणारे प्रकार असतात. वरच्या काळातल्या माणसानं धान्यासाठी पेव खणलं की तो खड्डा खालच्या थरात घुसतो आणि नव्या काळातली वस्तू जुन्या थरात जाऊन बसते. घुशी तर फार वैरी, बिळं करून मणी कुठच्या कुठं नेतात. म्हणून थराचे रंग बघून, कडा हातानं चाचपून, ब्रशनं साफ करत करत खाली जायचं असतं. जेसीबीचा एक बकेट म्हणजे दोनशे वर्षं एका घासात.

तुमचं खापर जोर्वे पद्धतीचं असण्याची शक्यता खूप आहे. तांबडं, काळी नक्षी, खणखणीत आवाज. संगमनेर तालुक्यातलं जोर्वे, तिथं १९५०-५१ ला खोदाई झाली म्हणून ते नाव पडलं. त्याच काळातली लांब तोटीची भांडी असतात, तोटी फुटून वेगळी पडलेली मिळते, शेतात बघितलीत तर लगेच ओळखाल. पण एक विनंती, उचलून घरी आणू नका. खापर कुठल्या थरात होतं ते गेलं की नुसतं खापर उरतं. आहे तिथं, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा.

शिरूरकर शेतकरी

ताई तुमचं सगळं बरोबर आहे पण दुसरी बाजू पण ऐका. आमच्याकडं पांढरीची माती शेताला टाकायची पद्धत बापजाद्यापासून आहे. पूर्वी बैलगाडीनं चार खेपा आणायचे, आता ट्रॅक्टर आला एवढाच फरक. काळी जमीन चिकट, पाणी धरून ठेवती, हवा खेळत नाही, त्यात ही राखाडी माती टाकली की मोकळी होती. रासायनिक खताचं पोतं काय भावानं येतं ते माहिती असंलच. धाब्याच्या घरावर पण हीच टाकायचे, गळत नाही. आमच्या आजोबाचं सगळं माळवद पांढरीचं होतं.

आणि त्या टेकाडाचा सातबारा मामांच्या नावावर असंल तर ती त्यांची जमीन आहे. पुण्यातून येऊन कुणी सांगायचं की तुमच्या जमिनीला हात लावू नका, तर राग येणारच. रागावू नका स्पष्ट बोललो.

घोडकाठ

@शिरूरकर शेतकरी, राग कसला दादा, तुम्ही बोललात ते मामाच बोलल्यासारखं वाटलं आणि त्यासाठीच धागा काढलाय. मला उत्तर द्यायला शब्द हवेत, मामांना हरवायला नकोत.

खापरवेडा

शिरूरकरांचं शेतीचं म्हणणं अगदी खरं आहे. ती माती कसदार का, तर शेकडो वर्षांची राख, हाडं, शेण. राखेतून पालाश, हाडातून स्फुरद आणि चुना. म्हणजे तो कस त्या जुन्या शेतकऱ्यांनीच साठवून ठेवलाय. बैलगाडीच्या चार खेपांनी टेकाड शंभर वर्षं टिकलं असतं, जेसीबीनं एक उन्हाळा टिकत नाही, फरक तेवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

कसब्यातला

पुण्यातल्यांनी हे फक्त गावाकडचं समजू नये म्हणून लिहितोय. मी कसबा पेठेत वाढलो. आमच्याकडे नदीकडून आत यायला चढ आहे, लहानपणी सायकल उतरून ढकलावी लागायची. मला वाटायचं नैसर्गिक उंचवटा असेल. मग आमचा वाडा पाडला, बिल्डिंगचा पाया खणताना बघितलं तर खाली तेच, राख, खापरं, राख, खापरं. म्हणजे आम्ही पण पांढरीवरच राहत होतो! कसब्याभोवती पूर्वी कोट होता त्याला पांढरीचा कोट म्हणायचे हे वडिलांकडून ऐकलं होतं, अर्थ त्या दिवशी डोळ्यांनी बघितला.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत पुण्य विषय, पूनक विषय (विषय म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) अशी आपल्या भागाची नावं येतात. कसब्यात सातवाहन काळातली खापरं डेक्कन कॉलेजच्या लोकांना मिळालेली आहेत, म्हणजे दोन हजार वर्षं मागे जातो आपण. आणि तरी पुण्याचा इतिहास म्हटला की शनिवारवाड्यापासून सुरू करतात, जीव तुटतो. आमच्या पायाची माती चार दिवसांत ट्रकमधून गेली, कुठं टाकली ते पण माहीत नाही. कुणी एक फोटो काढला नाही. मीही नाही काढला. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून घोडकाठताई तुम्ही आता थांबू नका.

निवृत्त मास्तर

धागा वाचून राहवलं नाही. मी इनामगावच्या पंचक्रोशीतला, सध्या मुलाकडे हडपसरला असतो. खोदाई चालू होती तेव्हा मी सातवीत होतो, गुरुजी आम्हाला रांगेनं न्हावऱ्याकडून चालत घेऊन गेले होते. पुण्याचे लोक तंबू ठोकून राहायचे, हिवाळाभर. गावातली माणसं मजुरीला, आणि सांगायला अभिमान वाटतो की त्यातले काही जण इतके तयार झाले होते की नुसत्या मातीच्या रंगावरनं म्हणायचे, साहेब इथं भिंत हाय, आणि खरंच भिंत निघायची.

मला आठवतो तो रांजण. चार पायांचा, पोट फुगलेलं, कच्च्या मातीचा, आणि त्यात माणूस बसवलेला. आम्ही पोरं घाबरलो. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात तो पुरलेला होता. शेजारी धान्याचं कोठार, म्हणून घर गावच्या प्रमुखाचं असावं असा अंदाज बांधतात. बाकीची मोठी माणसं घराच्या जमिनीखालीच पुरलेली, डोकं उत्तरेला आणि घोट्यापासून पावलं तोडलेली. गेलेलं माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून असावं, असं अभ्यासक म्हणतात. पण रांजणातल्याची पावलं शाबूत होती. आणि लहान लेकरं, ती दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. पुढं मी बाप झालो, एक लेकरू गेलं, तेव्हा मला ती मडकी आठवली. घराबाहेर नेलं नव्हतं त्या लोकांनी, चुलीजवळच्या जमिनीखाली ठेवलं होतं. ते मला तेव्हा समजलं.

घरात मातीचे गोल ओटे निघाले होते, त्यावर धान्याच्या कणग्या ठेवायचे. आमच्या आईची कणगी तशाच ओट्यावर होती. गुरुजींनी विचारलं हे काय असेल, आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडलो होतो, कणगीचा ओटा!

अनघड

मास्तर, वाचून गलबलून आलं. नमस्कार तुम्हाला.

अजून एक शंका, हे लोक हडप्पावाले का? व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतो की महाराष्ट्रात पण सिंधू संस्कृती होती.

प्रवरासंगम

@अनघड, इनामगावचे नाहीत. पण आमच्या बाजूला, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेवर दायमाबाद आहे, तिथं उत्तर हडप्पा काळाचा थर आहे. त्याच्या खाली सावळदा संस्कृती, हडप्पा थराच्या वर दायमाबादची स्वतःची संस्कृती, मग माळवा, मग जोर्वे. एका टेकाडात पाच प्रकारचे लोक किंवा पाच प्रकारची राहणी, कसंही म्हणा. १९७४ ला तिथं एका शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या, रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा, चारही मिळून साठ किलोच्या वर. त्यांचा काळ कुठला यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि वाद असण्याचं मोठं कारण हेच की त्या रीतसर थरातून खोदून निघाल्या नाहीत. खापरवेडा वर बोलले ना, थर गेला की नुसती वस्तू उरते, त्याचं याच्याहून मोठं उदाहरण नाही.

आणि नेवासं विसरू नका. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती शके १२१२ ला, पैसाचा खांब बघायला आपण जातो, पण तिथंच लाडमोड टेकडी आहे. १९५४ पासून तिथं खोदाई झाली, अश्मयुगाची हत्यारं नदीच्या गोट्यांत, त्यावर ताम्रपाषाण काळातले (तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरणारे) शेतकरी, मग बराच काळ कुणीच नाही, मग सातवाहन आणि रोमन मद्यकुंभांचे तुकडे, परत खंड, मग मुसलमानी आणि मराठा काळ. म्हणजे वस्ती सलग नसते. लोक येतात, काही शतकं राहतात, काहीतरी होतं, उठतात. टेकाड रिकामं पडतं, बाभळी वाढतात. मग नवे लोक येतात आणि त्यांना कोरडी, पुराच्या वरची, नदीजवळची जागा लागते, ती आयती मिळते.

घोडकाठ

प्रवरासंगम, ‘काहीतरी होतं’ म्हणजे काय? इनामगाव का उठलं? आजी आमच्या गावाबद्दल साथ म्हणायची.

खापरवेडा

इनामगावला साथीचा पुरावा नाही. पाऊस कमी झाला असं मानतात. इ.स.पू. १००० च्या आधी गाव भरभराटीत होतं, चौकोनी ऐसपैस घरं, ओळीत मांडलेली, मध्ये बोळ. नदीचं पाणी वळवायला बांध आणि पाट. गावाच्या कडेला कुंभार, सोनार, चुना करणारा असे कारागीर. पीक मुख्य जव, सोबत गहू, मसूर, कुळीथ. हे कळतं कसं, तर जळून कोळसा झालेले दाणे राखेत टिकतात, ती राख पाण्यात टाकली की दाणे तरंगून वर येतात. कोळशावरून कार्बन १४ नं वय काढतात.

नंतरच्या तीनशे वर्षांत चित्र पालटतं. चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या येतात, भांडी जाडीभरडी होतात, शेती घटते, हरणांची शिकार वाढते, शेळ्यामेंढ्यांवर भर येतो. इ.स.पू. ७०० नंतर कुणी राहत नाही. शिरूरचा भाग आजही पर्जन्यछायेचा आहे, तिथल्या शेतकऱ्याला हे मी वेगळं सांगायला नको.

शिरूरकर शेतकरी

हे वाचून थांबलो जरा. १९७२ च्या दुष्काळात आमच्या वडिलांनी गुरं सोडून दिली होती आणि सुकडी खाऊन खडी फोडली. म्हणजे त्यांच्यावर पण तीच वेळ आली म्हणायची.

ताई, मामांना एक सांगा. माती पाहिजेच असंल तर बंधाऱ्याचा गाळ आणा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ म्हणून सरकारची योजना २०१७ पासून आहे, ग्रामपंचायतीत विचारा. आमच्या शिवारात मी स्वतः टाकलाय, पांढरीपेक्षा कमी नाही. माणसाला पर्याय दिला तर ऐकतो, नुसतं नको म्हटलं तर नाही ऐकत. मी आधी तापून बोललो, पण मलाही आता आमच्या वेशीबाहेरचं टेकाड डोळ्यापुढं येतंय, तिथनं आम्ही लई माती नेली.

कसब्यातला

शिरूरकर +१. हेच हवं होतं.

कायद्याचं थोडं सांगतो, घाबरवायला नाही. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांच्या वर किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायचं असा १८७८ चा निखात निधी कायदा आहे, अजून लागू आहे. मामांना कधी नाणी, तांब्याची वस्तू लागली तर लपवू नका म्हणावं, कळवलं तर त्रास नाही, लपवलं तर आहे. टेकाड संरक्षित स्मारकांच्या यादीत नसेल तर पुरातत्त्वाच्या कायद्यानं माती उचलण्यावर बंदी येत नाही, म्हणून इथं समजावणं हाच रस्ता आहे. डेक्कन कॉलेजला फोटो आणि नेमकी जागा साध्या पत्रानं कळवा.

घोडकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा उत्तर देतेय कारण परत गावाला जाऊन आले.

मास्तरांचा प्रतिसाद मी मामांना आणि मामींना रात्री जेवणानंतर वाचून दाखवला. कणगीच्या ओट्यापाशी मामी म्हणाल्या, “अगं बाई, आपला बी तसाच व्हता की, माळवद पाडलं तवा मोडला.” लेकरांच्या मडक्यांपाशी त्या उठून आत गेल्या. मामा बराच वेळ गप्प होते. मग गाळाचं बोलले. बंधारा आमच्या शिवारापासून लांब नाही, ट्रॅक्टर घरचा आहे, डिझेलचा हिशोब त्यांनी तिथंच बोटावर केला.

सकाळी आम्ही दोघं टेकाडावर गेलो. मी फोटो काढले, खापरवेडांनी सांगितलं तसे, शेजारी पट्टी नव्हती म्हणून मामांचं खुरपं ठेवून. पत्र तयार केलंय, सोमवारी येरवड्याला स्वतः नेऊन देणार आहे. शेजारचे दोघं अजून तयार नाहीत, त्यांच्याशी मामा बोलणार आहेत, मी मध्ये पडणार नाही.

एक प्रश्न मात्र मामांनी मला विचारायला लावलाय. ते राखेच्या पट्ट्यापाशी उकिडवे बसले होते, बोटानं राख चोळून बघत, म्हणाले, “हे लोक जव पिकवायचे म्हणतीस, मग ज्वारी कवा आली आपल्याकडं? बाजरी?” मला सांगता आलं नाही. खापरवेडा, सांगाल का? मामा फोन करून दोनदा विचारून झालेत.

खापरवेडा

सांगतो, नक्की सांगतो! रात्री घरी गेल्यावर निवांत लिहितो. ज्वारी बाजरी दोन्ही मूळ आफ्रिकेतली, तिथनं सुरुवात करावी लागेल. मामांना म्हणावं फोन नका करू, मीच करतो, त्यांचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा.